एकाच आठवड्यात व्हीबीएस, शेजारचं लग्न, पुण्याच्या मैत्रिणी आणि भिजत घातलेले गहू... कसं जमवावं?

पेटीवाली_जालना
रविवार १० मे, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, लांब लिहिणारे, डोकं बंद पडलंय म्हणून इथं मोकळं होतेय.

उद्यापासून आमच्या चर्चची व्हीबीएस सुरू होतेय, म्हणजे उन्हाळी बायबल शाळा, सोमवार ते शनिवार सकाळी साडेसात ते साडेदहा आणि रविवारी १७ ला उपासनेतच मुलांचा समारोपाचा कार्यक्रम. साठ मुलं नाव नोंदवून बसलीत, त्यातली अर्धी आमच्या गल्लीतलीच आहेत, ख्रिस्ती नसलेली पण, कारण सुट्टीत घरी धिंगाणा घालण्यापेक्षा तिकडं गाणी म्हणतील असं त्यांच्या आयांचं म्हणणं. गाणी शिकवणं माझ्याकडं आणि खाऊ पण माझ्याकडंच. खाऊ माझ्याकडं कसा आला ते मला अजून कळलं नाही, महिला मंडळाच्या मीटिंगला दहा मिनिटं उशिरा गेले तेवढ्यात ठरलं होतं.

उद्या रात्री माझ्या बी.एड.च्या तीन मैत्रिणी पुण्याहून यायल्यात. चार वर्षांपासून "येतो येतो" चाललं होतं, आता तिघींच्या सुट्ट्या जुळल्या. शुक्रवारपर्यंत आहेत. त्यांना मंगळवारी वेरूळ बघायचंय.

आता मेन गोष्ट. शेजारच्या काकूंच्या मुलीचं लग्न गुरुवारी १४ तारखेला आहे. रविवारपासून धोंड्याचा महिना लागतोय म्हणून सगळ्यांची घाई, कार्यालयं मिळंनात, शेवटी कॉलनीच्या मैदानात मांडव टाकलाय, आमच्या गच्चीवरून अक्षता टाकल्या तरी नवरीच्या डोक्यावर पडतील इतका जवळ. ही पोरगी माझ्या मांडीवर वाढलीय हो. काकू नोकरीला जायच्या तेव्हा शाळेतून आली की आमच्याकडंच जेवायची. रुखवताची मांडणी मीच करावी असा तिचा हट्ट आहे आणि लग्नाआधीच्या दोन रात्री पाहुण्यांची झोपायची सोय आमच्या हॉलमध्ये आहे, त्याला मी फेब्रुवारीतच हो म्हणून बसलेय.

आणि गुरुवारी १४ तारखेलाच स्वर्गारोहण दिन, म्हणजे येशू स्वर्गात गेला तो दिवस. ईस्टरपासून चाळिसावा दिवस, म्हणून दरवर्षी गुरुवारीच येतो. संध्याकाळी सहाला उपासना, प्रभुभोजनासहित (भाकर आणि प्याला सगळ्यांना देतात ते). पेटी वाजवणारी मी एकटी. दुसरे एक काका वाजवायचे ते मुलाकडं नाशिकला गेलेत उन्हाळ्यापुरते. आणि लग्नाचा मुहूर्त गोरज, सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. उपासना संपेपर्यंत सव्वासात होतात.

हे सगळं कमी होतं म्हणून आज सकाळी सासूबाईंनी मला न विचारता पाच किलो गहू कुरडयांसाठी भिजत घातले. म्हणल्या, "एवढी माणसं घरात यायलीत तर हात मिळतील." मला रडू येईना हसू येईना.

तर प्रश्न असे की (१) गुरुवारचं काय करू, (२) साठ मुलांना ४२ डिग्रीत काय खायला प्यायला द्यावं जे स्वस्त पण पडंल, (३) गव्हाचं काय. कृपा करून "सगळं कॅन्सल करा" असं लिहू नका.

---

लातूरची_मावशी
सोमवार ११ मे, सकाळी ६.०५

गहू आधी. कारण बाकी सगळं थांबतं, गहू थांबत नाही.

रविवारी सकाळी भिजवलेत म्हणजे बुधवारी तीन दिवस भरतात. एवढ्या उन्हाळ्यात पाणी सकाळ संध्याकाळ दोन्ही वेळा बदल, रोज एकदाच बदललं तर आंबूस वास मारतो आणि मग कुरडई तळली की लालसर होते. दाणा चिमटीत दाबून बघ, पांढरं दूध पटकन बाहेर आलं की वाटायला तयार. बुधवारी संध्याकाळी वाटून घे, चाळणीतून आणि मग पातळ कापडातून गाळ, मोठ्या पातेल्यात रात्रभर ठेवून दे. पहाटे वर पिवळट पाणी येतं ते हळूच ओतून टाकायचं, खाली घट्ट चीक राहतो. चीक वाटीने मोज, जेवढा चीक तेवढंच पाणी उकळायला ठेव, मीठ हिंग घाल आणि धार धरून हाटत राहा. एकीने ओतायचं दुसरीने हाटायचं, एकटीने केलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समज. गरम आहे तोवरच सोऱ्यात भर. सूर्य वर यायच्या आत गच्चीवर घालून झाल्या पाहिजेत.

म्हणजे तुझ्या कुरडया गुरुवारी पहाटेच येतात बघ. लग्नाच्या दिवशी. पण लग्नघर पहाटे चारला जागं असतंच की, त्यांच्याकडच्या बायका बोलव. चीक खायला मिळणार म्हणल्यावर नाही कोण म्हणतंय, वाटीत गरम चीक आणि वर तेल तिखट.

आता पोरांचा खाऊ. सुशीला कर. बाहेरच्यांना वाटतं ही कोण बाई, पण आपल्याकडं सगळ्यांना माहितीय. साठ पोरांना अडीच तीन किलो चुरमुरे बास होतात. पाण्यात टाकले की लगेच पिळून काढायचे, भिजत ठेवले तर लगदा. कांदा मिरची कढीपत्ता शेंगदाणे हळद अशी फोडणी, वरून डाळव्याचं पीठ दोन मुठी, ते चुरमुऱ्याचं पाणी ओढून घेतं आणि सुशीला मोकळी राहते. पोह्यापेक्षा हलकं आणि पोरं पण आवडीने खातात. एक दिवस सुशीला, एक दिवस भेळ, एक दिवस मटकीची उसळ, असं फिरव. बिस्किटं नको देऊ, नुसती तहान लागते.

पाणी मात्र प्रत्येकाला घरून बाटली आणायला सांग. इथं २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं ना, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, ती गाडी बघायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो जत्रेला गेल्यासारखं. तेव्हापासून माझी सवय आहे, कोणाच्या कार्यक्रमाला गेले तरी पाणी घरचं नेते.

---

छावणीचा_दादा
सोमवार ११ मे, सकाळी ९.४०

ताई सगळ्यात आधी मैत्रिणींना फोन करा. वेरूळ मंगळवारी बंद असतं!! (अजिंठा सोमवारी.) दरवर्षी माझ्याकडं कोण ना कोण पाहुणा मंगळवारी वेरूळच्या गेटवरून परत येतो आणि मग तोंड पाडून घृष्णेश्वरचं दर्शन घेऊन येतो.

बुधवारी पाठवा. जालन्यावरून जवळजवळ नव्वद किलोमीटर एका बाजूने, पहाटे पाचला निघा म्हणावं. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळं सकाळी समोर सावली असते, दुपारनंतर ऊन थेट आत येतं आणि दगड तापतो तो वेगळाच. चौतीसच्या चौतीस बघायच्या भानगडीत पडू नका मे महिन्यात. आधी सोळा नंबर म्हणजे कैलास, मग दहा नंबर, बस्स. दौलताबाद रस्त्यातच आहे पण किल्ल्यावर चढायचं नाही, खालूनच चांद मिनार बघायचा आणि पेरू असतील तर घ्यायचे, मे मध्ये नसतात ही गोष्ट वेगळी. बारा एकला घरी.

गुरुवारचं. तुम्ही पाळक साहेबांना विचारलंत का? हे तुम्ही लिहिलंच नाही. वेळ काय दगडावर कोरलेली नाही, आमच्याकडं स्वर्गारोहणाची उपासना एका वर्षी सकाळी साडेसहाला घेतली होती, उन्हामुळं. उपस्थिती डबल. विचारायच्या आधीच आपण मनात नकार घेऊन बसतो.

जाता जाता एक गंमत. धोंडा महिना का येतो तर चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं आणि सूर्याचं ३६५, फरक साठत गेला की जवळजवळ तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा. मागचा २०२३ ला श्रावणात होता. आणि आपला ईस्टर पण चंद्रावरच, २१ मार्चनंतरची पौर्णिमा झाली की येणारा रविवार. यंदा हनुमान जयंती २ एप्रिलला झाली आणि ५ ला ईस्टर. म्हणजे तुमच्या काकूंचा मुहूर्त आणि तुमचं स्वर्गारोहण, दोन्ही एकाच चंद्राने एका गुरुवारी आणून ठेवलेत. तक्रार त्याच्याकडं करा.

---

बीडची_सूनबाई
सोमवार ११ मे, दुपारी २.१५

गोरज मुहूर्त ६.४८ आणि लग्न ६.४८ ला लागणार?? कोणत्या गावात राहता ताई 😂 आमच्या नणंदेचा मुहूर्त १२.३० चा होता, नवरदेव पारावरून निघाला दीड वाजता, डीजेवाल्याने एकच गाणं चार वेळा वाजवलं, शेवटी भटजी स्वतः माईकवर म्हणले "वरपक्षाने कृपया चालत यावे". लग्न लागलं अडीचला. पंगतीतला मठ्ठा तोवर ताक राहिला नव्हता, दुसरंच काहीतरी झालं होतं.

तरी पण त्या भरवशावर राहू नका, वधूपक्षाला वेळेत उभं राहावंच लागतं.

आणि मैत्रिणींचं, मला एक सांगा, त्या पाहुण्या काऊन झाल्या? बी.एड. झालेल्या तीन बाया घरात आहेत आणि तुम्ही साठ पोरं एकटी सांभाळणार? एकीला व्हीबीएसच्या हस्तकलेला बसवा, एकीला रुखवताला लावा, तिसरी चीक हाटंल. माझ्याकडं दिवाळीत कॉलेजच्या मैत्रिणी आल्या होत्या, मी त्यांना दोन दिवस नुसतं बसवून खाऊ घातलं, त्या पण अवघडल्या मी पण अवघडले, तिसऱ्या दिवशी मिक्सर बिघडला आणि सगळ्याजणी मिळून खलबत्त्यात चटणी कुटली, आता जेव्हा भेटतो तेव्हा त्या चटणीचंच बोलतात.

---

परभणीकर_स्पष्टवक्ता
सोमवार ११ मे, रात्री १०.००

स्पष्ट बोलतो राग मानू नका. प्रॉब्लेम गुरुवार नाही, प्रॉब्लेम तुमची सगळ्याला हो म्हणायची सवय आहे. फेब्रुवारीत हो, मीटिंगमध्ये हो, मैत्रिणींना हो. एकदा नाही म्हणून बघा.

---

पेटीवाली_जालना
सोमवार ११ मे, रात्री ११.४५

@परभणीकर राग नाही आला. खरंय. पण गव्हाला मी हो म्हणले नव्हते हं.

मावशी, आज सुशीला केली, साठ म्हणलं होतं बहात्तर पोरं आली, पातेलं चाटूनपुसून साफ. डाळव्याच्या पिठाची युक्ती एकदम बरोबर. उद्या कैरीचं पन्हं करायचंय, प्रमाण सांगता का? आज एका लेकराला चक्कर आल्यासारखं झालं, घाबरलेच मी. सकाळी काही न खाताच आला होता. सावलीत झोपवलं, ओआरएस पाजलं, दहा मिनिटांत पळायला लागला.

दादा, खरं सांगू का, नव्हतं विचारलं. उद्या विचारते. आणि वेरूळचं सांगितलं नसतं तर काय झालं असतं, मैत्रिणी स्टेशनवरून येता येता गाडीवाल्याला मंगळवारचंच ठरवत होत्या.

---

लातूरची_मावशी
मंगळवार १२ मे, सकाळी ५.५०

दोन किलो कैऱ्या उकड, साल काढून गर काढ, त्यात दोन किलो गूळ, मीठ, वेलची, थोडी जिऱ्याची पूड. हा झाला घट्ट गर. दहा बारा लिटर पाणी घाल, एकेक ग्लास सगळ्यांना होतं. गूळ चाखून घाल, कैरी आंबट असली तर वाढव.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं बरं का. आमच्या इथं एकीने अख्खं पाकीट एका ग्लासात दिलं होतं लेकराला, लवकर बरं वाटावं म्हणून. तसं करू नये, उलट त्रास होतो. पाकीट नसलं तर एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट, शिगोशीग नको.

---

बेथेलकर_आजोबा
मंगळवार १२ मे, सकाळी ११.३०

सलाम पोरी.

नातवाकडून टाइप करून घेतोय, चुका झाल्या तर त्याच्या.

तू जालन्याची म्हणून लिहावं वाटलं. आमचं बेथेल तुमच्या जवळच. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं गाव, निजामाच्या राज्यात जमीन मिळवून. १८४३ ला त्यांचा मुंबईला बाप्तिस्मा झाला, ब्राह्मणाचं पोर, केवढा गहजब झाला असंल त्या काळी, आणि तो माणूस पुढं इकडं आपल्या दुष्काळी मुलखात येऊन राहिला. माझे आजे सांगायचे की गाव वसवताना विहिरीचा विचार आधी झाला. खरं खोटं देवाला माहीत, आजे गोष्टी रंगवून सांगायचे. पण मे महिन्यात मला ती गोष्ट दरवर्षी पटते.

माझ्या लहानपणी शेजारी लग्न असलं की आमच्या घरची भांडी आधी जायची. मोठी पातेली, पराती, चर्चच्या सतरंज्या. सतरंज्यांवर कोपऱ्यात नाव लिहिलेलं असायचं म्हणून परत यायच्या, पराती मात्र दोन गेल्या त्या गेल्याच. आणि नाताळात त्यांच्या घरून करंज्यांचं सूप भरून यायचं. आमच्यात ईस्टरआधीच्या लेंटच्या, म्हणजे उपासाच्या, चाळीस दिवसांत लग्न धरत नाहीत, त्यांच्यात धोंड्यात धरत नाहीत, त्यामुळं दोन्हीकडच्या आचाऱ्याला कधी कधी एकदमच उपास घडायचा.

तू उपासना सोडू नको आणि लग्न पण सोडू नको. काकूंना सरळ सांग की मी उपासनेला जाऊन येणार. तुझ्या न सांगण्याने तिला वाईट वाटंल, जाण्याने वाटणार नाही.

---

पेटीवाली_जालना
बुधवार १३ मे, रात्री ११.१०

पाळक साहेबांना विचारलं. म्हणले, "बाई, हे तुम्ही आत्ता सांगता? त्या मुलीची पत्रिका माझ्या टेबलावर आहे, मला पण जायचंय." उपासना साडेपाचला घ्यायची ठरली, उपदेश पंधरा मिनिटं, प्रभुभोजन धरून साडेसहाला मोकळं. कमिटीतले एक ज्येष्ठ थोडे कुरकुरले की साडेपाचला ऊन असतं, तेवढंच. काकूंना पण सांगितलं. काकू म्हणल्या, "अगं मला माहितीय गं गुरुवारी तुमचं असतं, मी पोरीला आधीच सांगितलं होतं मावशी चर्चवरून येईल म्हणून." मी महिनाभर उगाच जीव टांगून बसले होते.

मैत्रिणी वेरूळहून एकला परत आल्या, टोमॅटोसारख्या लाल होऊन. कैलास बघून एक जण म्हणली की वरून खाली कोरत आणलंय म्हणजे पहिल्या दिवशीच कळस ठरला असंल, एकदा घाव चुकला तर भरून काढायची सोय नाही. मी म्हणले आज संध्याकाळी गहू वाटायचेत, तिथं पण चुकायची सोय नाही. तिघींनी बाह्या वर केल्या. आत्ता चीक पातेल्यात आहे, हॉलमध्ये अकरा पाहुण्या झोपल्यात, मेंदीचा वास घरभर. चारचा गजर लावलाय.

---

बीडची_सूनबाई
शुक्रवार १५ मे, दुपारी १.००

ताई काय झालं?? अपडेट??? कालपासून तीन वेळा बघून गेले. काल संध्याकाळी आमच्याकडं अवकाळी येऊन गेला, पहिली आठवण तुमच्या कुरडयांची आली.

---

पेटीवाली_जालना
रविवार १७ मे, रात्री ९.३०

आज बसायला मिळालं. सांगते.

गुरुवारी पहाटे सव्वाचारला मी उठले तर नवरीच्या दोन आत्या, एक मामी आणि एक पणजी आधीच गच्चीवर. पणजी म्हणली झोप येत नव्हती. चूल विटांची मांडली, मैत्रिणीने चीक ओतला, मामीने हाटला, मी सोऱ्या दाबला. सोऱ्या दाबायला किती जोर लागतो ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, दहाव्या कुरडईला तळहाताला फोड. पणजी एका जागी बसून कुरडईचा वेढा वाकडा झाला की नुसती "हं" करायची. सहा वाजता सगळी गच्ची पांढरी. नवरी पण हळदीच्या अंगाने वर आली, वाटीभर चीक खाऊन गेली, आईने ओरडा केला की आजच्या दिवशी तरी नीट खा.

मग व्हीबीएस, मग रुखवत, ते सगळं पटापट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. भोपळ्याची बैलगाडी केली होती मैत्रिणीने, तिचं चाक निघून पडलं, टूथपिकने बसवलं.

साडेपाचला उपासना. बाहेर कडक ऊन होतं. प्रभुभोजन सुरू होईपर्यंत खिडकीतून अंधारून आलं. मग वारा सुटला, चर्चची दारं आपटायला लागली, मी पेटीवर, आणि खरं सांगते देवाची क्षमा मागून, माझ्या बोटाखाली गीत होतं आणि डोक्यात कुरडया. अर्धवट वाळलेली कुरडई भिजली की संपली, चीक होऊन प्लास्टिकला चिकटते. सासूबाई पण चर्चमध्येच, दोन बाक पुढं. त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही. दोघी पण हलू शकत नव्हतो, त्यांच्या हातात प्याला होता, माझ्या हातात पेटीचा भाता.

पत्र्यावर थेंब वाजले. मी तिथंच सोडून दिल्या कुरडया मनातून.

साडेसहाला आशीर्वाद झाला, पळत निघालो, पाळक साहेब पण, झगा काढून पिशवीत कोंबत. पाऊस चार थेंब टाकून थांबला होता. घरी आलो तर गच्ची रिकामी. प्लास्टिक पण नाही. खाली हॉलमध्ये दार उघडलं तर सगळ्या गाद्यांवर, दिवाणावर, पाहुण्यांच्या बॅगांवर, जिथं जागा मिळंल तिथं कुरडया. वरमाईच्या स्वागताला उभ्या राहिलेल्या बायका मांडवातून पळत आल्या होत्या म्हणे. मामीने नेसत्या पैठणीचा पदर कमरेला खोचून प्लास्टिकचे चार कोपरे चौघींनी धरून जिन्यातून खाली आणले, एकदा नाही, सहा वेळा. शेवटच्या फेरीला माझी एक मैत्रीण आणि व्हीबीएसची चार पोरं. त्यातला एक तोच, सोमवारी चक्कर आलेला. मोडल्या थोड्या. मोजल्या नाहीत.

आणि नवरदेव? @बीडची_सूनबाई तुमचं तोंड साखरेने भरलं पाहिजे. वारा सुटल्यावर वरात एका दुकानाच्या शेडखाली थांबली होती, सव्वासातला मांडवात. आम्ही साडीला इस्त्री करून, पावडर लावून, अक्षता हातात घेऊन अर्धा तास उभ्या.

रात्री पाहुण्यांना झोपायला जागा नाही, कारण गाद्यांवर कुरडया. सगळ्या गच्चीवर झोपल्या, पावसाने गार झालं होतं. मैत्रिणी पण. दोन वाजेपर्यंत हसण्याचा आवाज येत होता, मी खाली ओट्यावरच आडवी झाले होते, वर जायची ताकद नव्हती.

शुक्रवारी मैत्रिणी गेल्या, डबे भरून दिले. आज समारोप झाला, बहात्तर पोरांनी गाणं म्हणलं, दुसऱ्या कडव्याला अर्धी पोरं तिसरं कडवं म्हणत होती, मी पेटी जोरात वाजवून झाकून नेलं. गल्लीतल्या सगळ्या आया आल्या होत्या, मागच्या बाकांवर डोक्यावर पदर घेऊन.

लिहिता लिहिता काकूंनी भिंतीवरून हाक मारली. आजपासून धोंडा लागला ना, पहिल्याच आठवड्यात जावयाला बोलवणार म्हणतात. तेहतीस अनारसे आणि पुरणाचे धोंडे, पुरण वाटायला येशील का म्हणल्या. येते म्हणले.

---

परभणीकर_स्पष्टवक्ता
रविवार १७ मे, रात्री ९.५२

बोललो होतो की.

---

लातूरची_मावशी
सोमवार १८ मे, सकाळी ५.४५

अनारशाचं पीठ तयार आहे का काकूंकडं? तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात. आजच घाल म्हणावं.